जाईची झाली याई

मुलगी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातली एक बाई फॉर्म घेऊन खाटेशी उभी. नाव लिहा म्हणे. मी सांगितलं, आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं, नाव आत्या ठेवते. तिने कौतुकाने मान डोलावली, पण पुढे केलेला पेन काही मागे घेतला नाही.

जर्मनीत मूल जन्मलं की आठवड्याच्या आत नोंद करावी लागते. नाव ठरलं नसेल तर महिनाभराची सवलत मिळते, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या दिवशी आम्ही दोघंही दोन रात्री न झोपलेले. निमूटपणे पेन घेतला.

नाव तसं मनात होतंच. जाई. प्रतापनगरच्या आमच्या घरी फाटकाच्या कमानीवर जाईचा वेल आहे. नागपूरचा उन्हाळा त्याला पार भाजून काढतो, मे महिन्यात वाटतं की गेला. मग दोन पाऊस पडले की पुन्हा हिरवा, आणि संध्याकाळी फाटक उघडलं की आधी वास येतो. कळी बाहेरून गुलाबी-जांभळी असते. उमलल्यावर पाच पांढऱ्या पाकळ्या, पण फूल पालथं केलं की पाकळीच्या पाठीवर तो रंग अजून राहिलेला दिसतो. जुईची फुलं याहून बारीक. पुष्कळ जण दोन्हींत गल्लत करतात, माझी आई करू देत नाही. लहानपणी तोंड आलं की डॉक्टरच्या आधी जाईचा पाला चघळायला मिळायचा. कडूजहर. जखमेवर लावतात ते जात्यादि तेल याच पाल्याचं. संस्कृतात हिचं नाव जाती, प्राकृतात त्याची जाई झाली आणि मराठीने ती तशीच ठेवून घेतली.

तर नावाबद्दल वाद नव्हता. वाद स्पेलिंगचा. जे, ए, आय लिहिलं तर तो जय झाला. म्हणून मधे आणखी एक ए घातला. पण खरी गोची पहिल्याच अक्षरात. जर्मन लोक जे चा उच्चार य करतात. म्हणजे आमची जाई इथे याई. नोंदणी कार्यालयातल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, तुम्हाला हवा तो उच्चार हवा असेल तर आमच्याकडे डी, एस, सी, एच अशी चार अक्षरं लिहितात, जंगल या शब्दाला लिहितो तशी. (जंगल हा शब्द जर्मनने आपल्याचकडून नेलाय, आणि नेताना ज साठी चार अक्षरं खर्च केलीत.) दोन अक्षरांच्या मुलीच्या नावात चार अक्षरांचा नुसता ज! नवरा म्हणाला, पासपोर्टवर मावणार नाही. आम्ही जे वरच राहिलो.

आणखी एक धाकधूक होती. हे नाव मुलीचं की मुलाचं, असं विचारलं तर? पूर्वी इथे नावावरून ते कळलं पाहिजे असा आग्रह धरत. तो सुटला एका भारतीय नावामुळेच. एका जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं होतं, कार्यालयाने नाकारलं, आणि प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत गेलं. ५ डिसेंबर २००८ ला निकाल लागला की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. हे न्यायालय आम्ही राहतो त्या कार्ल्सरूहमध्येच आहे. मी रोज ट्रामने त्याच्या जवळून जाते, पण किरणची गोष्ट कळल्यापासून तिकडे जरा आपुलकीने बघते. आपल्या प्रत्येक गल्लीत एक किरणदादा आणि एक किरणताई असते, हे त्या न्यायाधीशांना कोणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

शेजारच्या आजींना मी सांगितलं, जाई म्हणजे यास्मिन. त्यांचा चेहरा जरा पडला. यास्मिन इथे ऐंशी-नव्वदच्या दशकात फार चाललेलं नाव. आज त्या सगळ्या यास्मिन ऑफिसात आणि पालकसभेत भेटतात. आपल्याकडे वैशाली, मनीषा म्हटलं की साधारण वय कळतं ना, तसंच. आता वीसबाडेनची भाषासंस्था दरवर्षी आवडत्या नावांची यादी काढते तिच्यात वर एमिलिया, सोफिया. फुलांमधली लिली तेवढी टिकून आहे. आपल्याकडेही लाटाच की. आजीच्या पिढीत शेवंता, चंपा, कुसुम. माझ्या वर्गात दोन प्राजक्ता आणि एक सायली. आता भाच्यांच्या वर्गात फुलं जवळजवळ संपलीत.

मग आजी मला हाताला धरून अंगणात घेऊन गेल्या, यास्मिन दाखवायला. पांढरी फुलं, वास गोड, पण पाकळ्या चार आणि झुडूप पुरुषभर उंच. ती यास्मिन नाहीच, नुसती म्हणायची पद्धत. खरी यास्मिन म्हणून इथे जी थंडीत फुलते ती पिवळीधमक, तिला वासच नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "हे कोन्तं वं? कन्हेराची चुलत बहीण दिसते." मी म्हटलं, आई, इथे जाई, जुई, मोगरा, कुंद सगळ्याला यास्मिनच म्हणतात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग देवाला वाहाताना कसं सांगत असतीन?"

खरी जाई युरोपात एकदाच भेटली, फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रासमध्ये. अत्तरासाठी तिथे हीच जाई लावतात आणि उन्हं चढायच्या आत हाताने खुडतात. एका किलोला आठ-दहा हजार फुलं लागतात. मी पोटुशी होते तेव्हा. एका दुकानात कागदाची पट्टी नाकाशी धरली आणि तिथेच डोळे भरून आले. दुकानदारीण बिचारी घाबरली, तिला वाटलं वासाने मळमळलं.

बारसं बाराव्या दिवशीच केलं. इथे सकाळचे साडेआठ, नागपूरला दुपारचे बारा. तिकडे पाळणा सजवलेला, त्यात बाहुली. घुगऱ्या वाटलेल्या. इकडे माझ्या हातात फोन, तो बाळाच्या कानाशी. नणंदबाई तिकडून, "सरकारी कागदावर छापून झालं, मंग मी काय नवीन सांगू बाप्पा तिच्या कानात?" पण कुर्रर्र केलंच, आणि पाठीवर धपाटेही खाल्ले. शेजारच्या काकू हिंदीभाषक. त्यांनी विचारलं, जाई मतलब? कोणीतरी सांगितलं आणि काकू खुशीत ओरडल्या, "अच्छा, चमेली!" चूक नव्हती त्यांची, हिंदीत तीच ती. पण सासूबाईंचा चेहरा मला स्क्रीनवर स्पष्ट दिसला.

आता ती दोन वर्षांची आहे. पाळणाघरात याई, घरी जाई. दोन्हींना ओ देते. बाईंनी तिच्या खुंटीवर डेझीचं चित्र चिकटवलंय, फूल म्हणून. मी काही बोलले नाही.

फक्त नागपूरला फोन केला की प्रश्न एकच. मामी, आत्या, बर्डीतला आमचा हारवालासुद्धा, ज्याला आईने काय काय सांगितलंय देव जाणे.

"जाई झाली. आता जुई कधी?"