एकच वाक्य, पन्नास वेळा

बोरिवलीहून वांद्र्याच्या मोत माऊलीला, म्हणजे मारियामातेच्या माउंट मेरी चर्चला, मी यंदा पहिल्यांदा चालत गेले. नवस नव्हता. आईवर ओरडले होते, ते मनातून जात नव्हतं.

आईला विस्मरणाचा आजार आहे. दर दहा मिनिटांनी विचारते, "तुझे बाबा आले का गं?" बाबांना जाऊन 3 वर्षं झाली. ऑगस्टमधल्या त्या रात्री माझा संयम संपला. हातातलं ताट आपटलं आणि म्हणाले, "बाबा मेले, आई! मेले!" तिच्यासाठी ती बातमी नवीच होती. ते आत्ताच गेल्यासारखी ती रडली. पुढल्या दहा मिनिटांत विसरलीही. मी मात्र विसरले नाही.

जत्रेच्या आदल्या शनिवारी पहाटे 3 वाजता आमच्या पॅरिशमधले, म्हणजे आमच्या चर्चचे, पंधरा-वीस जण निघालो. आईजवळ वहिनी होती. एस. व्ही. रोडवर रिमझिम, खड्डे, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली माणसं. कांदिवली, मालाड कधी गेलं कळलं नाही. गोरेगावला चप्पल चावू लागली, ती काढून हातात घेतली.

शनिवारी रोझरीत, म्हणजे मारियेच्या जपमाळेत, आनंदाची रहस्यं म्हणतात, येशू आणि मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग. दुसऱ्या रहस्यात मारिया घाईघाईने डोंगराळ भागात अलिशिबेकडे जाते. ते म्हणताना पायांना बरं वाटलं. पाचव्यात हरवलेला बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, आणि मारिया विचारते, "बाळा, तू आमच्याबरोबर असा का वागलास?" लूकने आपल्या शुभवर्तमानात ते वाक्य तसंच ठेवलंय. माऊलीचाही जीव असा टांगणीला लागला होता, हे इतकी वर्षं माळ ओढून माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जोगेश्वरीच्या पुढे, मणी सरकवताना, मी थबकलेच. माळेत दहा-दहा मण्यांची पाच दशकं, त्यात पन्नास वेळा मी माऊलीला तेच म्हणते, नमो मारिया, नमो मारिया. लहानपणापासून म्हणतेय. अर्ध्या वेळा तर मन दुसरीकडेच असतं. तिने एकदाही म्हटलं नाही, आत्ताच तर सांगितलंस. आई तरी दिवसभर याहून वेगळं काय करते? एकच प्रश्न, आणि तोही बाबांचा. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. मागून येणाऱ्या मावशींनी काही विचारलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला.

हिल रोड संपून टेकडी चढलो तेव्हा सकाळचे साडेआठ होऊन गेले होते. स्टॉलवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली. मी साधी मेणबत्ती घेतली. रांगेत पुढे एक कोळीण होती, कडेवर नातू, हातात फुलं. 1700 साली लुटारूंनी या मूर्तीचा हात तोडला होता, असं आजी सांगायची. मी वर बघत राहिले. आईला बरं कर, असं मागायचं ठरवून गेले होते. तोंडून निघालं, "मला ऐकता येऊ दे."

लोकलने घरी आले. आई खिडकीत होती. "बाबा आले का गं?"

"त्यांची वाट बघतेस ना? ये, तोवर नमो मारिया म्हणू."

तिने माळ हातात घेतली आणि एकही शब्द न चुकता पूर्ण दशक म्हटलं. मीच दोनदा अडखळले. आमेन म्हणून तिने क्रूस केला, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "तुझे बाबा आले का?"

"अजून नाही, आई," मी म्हटलं, आणि पुढचा मणी धरला.