दोन पोपट

"डोळे झाकून ओएलईडी घ्या, साहेब!" सेल्समन म्हणाला. टीव्ही बघायला दुकानात आलेल्या मला.

शेजारी क्यूएलईडी, म्हणजे पडद्याचा दुसरा प्रकार. दोन्ही ५५ इंची, दोन्हींवर डेमो व्हिडिओतला तोच पोपट. क्यूएलईडीवरचा जास्त हिरवागार, म्हणून बायकोला तोच आवडला.

मी रिमोट मागितला आणि दोन्हीकडे भडक रंगांचा 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' मोड लावला. पोपट लगेच माणसात आले! आता फरक दिसला तो काळ्या रंगात. ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच विझतो, दुसऱ्यात मागचा उजेड थोडा पाझरतोच.

तेवढ्यात आई म्हणाली, "जरा बातम्या लावा की."

सेट-टॉप बॉक्सच नव्हता तिथे. आणि आमच्याकडे तर दिवसभर एसडी, म्हणजे कमी स्पष्ट चित्राच्या चॅनलवरच्या मालिका, त्याही खिडक्या सताड उघड्या ठेवून, भर उजेडात. हा अतिस्पष्ट ४के पोपट कुणासाठी?

तुम्ही घेताना नेमकं काय लावून बघितलं होतंत?