ऑटोकॅडमधील हरवणारा कर्सर: माझा अनुभव

सांगलीच्या विश्रामबागेतील एका स्थापत्य अभियंत्यांच्या कार्यालयात मी ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या संगणक प्रणालीवर ड्राफ्टिंगचे, म्हणजे नकाशे रेखाटण्याचे काम करतो. कृष्णाकाठच्या भूखंडांच्या नकाशांवर निळी आणि लाल पूररेषा दाखवावी लागते, खाली स्कॅन केलेला मोजणी नकाशा असतो आणि हॅच, म्हणजे रेघांनी किंवा नक्षीने भरलेले भागही भरपूर असतात. लॅपटॉपला मोठा फोर-के मॉनिटर जोडल्यापासून नेमक्या अशाच नकाशांत कर्सर दिसेनासा होऊ लागला.

रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर बाण स्पष्ट दिसत असे, म्हणजे माउसचा प्रश्न नव्हता. ड्रॉइंगच्या भागात मात्र क्रॉसहेअर, म्हणजे अधिकच्या खुणेसारखा कर्सर कधी फिका पडे, तर कधी पूर्णपणे नाहीसा होई. हे दोन वेगळे दोष आहेत हे लक्षात आल्यावरच काम मार्गी लागले, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नव्हता.

फिकेपणाचे कारण रंगात होते. डोळ्यांना त्रास नको म्हणून आमच्याकडे मॉडेल स्पेसची, म्हणजे जिथे प्रत्यक्ष रेखाटन होते त्या भागाची पार्श्वभूमी फिकट ठेवतात आणि तिच्यावर पिवळा क्रॉसहेअर विरून जात होता. ऑप्शन्समधील डिस्प्ले टॅबवर कलर्स उघडून मी तो गडद नारिंगी केला. निळा, लाल आणि झाडांचा हिरवा हे रंग नकाशात आधीच अडकलेले असल्यामुळे ही निवड विचारपूर्वक करावी लागली. येथे एक बाब सहज निसटते: मॉडेल स्पेस, लेआउट (छपाईचे पान) आणि ब्लॉक एडिटर (पुन्हा पुन्हा वापरायच्या आकृत्या बदलण्याची जागा) यांचे रंग स्वतंत्रपणे ठरतात, त्यामुळे एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे आपोआप दिसत नाही.

मग आकाराकडे वळलो. क्रॉसहेअरची लांबी ठरवणाऱ्या कर्सरसाइज या सेटिंगचे मूळ मूल्य 5 असते, म्हणजे पडद्याच्या 5 टक्के. ते 100 केले की क्रॉसहेअरच्या रेषा पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचतात आणि प्लॅनच्या सरळ रेषेत एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचे समोरून दिसणारे चित्र मांडतानाही त्यांचा उपयोग होतो. वस्तू निवडण्याचा चौकोन, म्हणजे पिकबॉक्स, 3 वरून 8 केला. फोर-के पडद्यावर मूळ चौकोन शोधावा लागत होता.

क्रॉसहेअर पूर्ण नाहीसा होणे मात्र यांपैकी कशानेही थांबले नाही. ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड देऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र दाखवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची सोय बंद करताच तो परत आला, त्यामुळे दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे हे ठरले. अनेक जण येथेच थांबतात. मला ते पटत नाही, कारण ॲक्सिलरेशन बंद असताना तिरप्या रेषा दातेरी दिसतात आणि स्कॅन असलेली जड फाइल सरकवताना अडखळते. आमच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधले ग्राफिक्स आणि स्वतंत्र कार्ड असे दोन्ही आहेत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स विभागात ऑटोकॅडसाठी हाय परफॉर्मन्स निवडले, कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला, संगणक पुन्हा सुरू केला आणि मगच ॲक्सिलरेशन पुन्हा चालू केले. त्यानंतर क्रॉसहेअर नाहीसा झालेला नाही.

रंग आणि आकाराची ही मांडणी ऑप्शन्समधील प्रोफाइल्स टॅबवरून एक्सपोर्ट करून इतर संगणकांवरही घेतली. आमच्या ज्येष्ठ ड्राफ्ट्समननी रंग ठेवले, पण लांब रेषा कामात आडव्या येतात असे सांगून कर्सरसाइज पुन्हा 5 केला.