आण्णांच्या खिशातली दुधाची पावती

सकाळी साडेसातला आईनं हाक मारली, "आण्णाकडं बघ रे, चहा सांडायलेत." बशी उजव्या हातात कलली होती, चहा सदऱ्यावर ओघळत होता. काय झालं विचारलं तर जीभ जड. हसायला लावलं तर तोंड एकाच बाजूला गेलं. वय ७४, बीपीची गोळी चालू, म्हणजे आठवण झाली तर.

अंगणात गल्ली जमली. वारं गेलंय, कांदा फोडून हुंगवा, असं एकजण म्हणाला. चुलते साखरपाणी पाजायला निघाले, मी तांब्या काढून घेतला. गिळणं बिघडलेलं असलं की पाणी श्वासनलिकेत जातं.

१०८ लावला. गावाचं नाव सांगितलं, बुद्रुक म्हणायचं राहिलं. गाडी खुर्दला जाऊन उभी! वीस मिनिटं गेली, चूक माझीच. मग पुतण्याला मोटारसायकलवर फाट्यावर पाठवलं.

गाडीतल्या डॉक्टरांनी आधी बोटाला सुई टोचून शुगर बघितली. शुगर फार उतरली तरी माणूस असाच दिसू शकतो म्हणे. बीपी १७०/१००. ते लगेच उतरवायचं नाही, हे मला नवीनच होतं. मग विचारलं, "शेवटचं धड कधी बघितलं?"

"सकाळी," आई म्हणाली.

"किती वाजता?"

"दूध घालून आले तवा."

ह्याचं घड्याळ कुणाकडं असणार? पण आण्णांनी डाव्या हातानं खिसा चाचपला. डेअरीची पावती. फॅट ४.२, आणि खाली वेळ, ६.५१. डॉक्टरांनी ती वेळ कागदावर उतरवून घेतली.

वाटेत केजला ओळखीच्या दवाखान्यात दाखवू, असं भाऊ म्हणत होता. "तिथं सीटी स्कॅन आहे का?" नव्हतं. मग गाडी सरळ अंबाजोगाईला. डॉक्टरांनी चालत्या गाडीतच समजावलं: हा पक्षाघाताचा झटका दिसतोय; मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण मेंदूत रक्तस्राव नाही हे आधी सीटीत दिसायला पाहिजे. आणि तास मोजायचे ते तोंड वाकडं दिसलं तेव्हापासून नाहीत, माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. रात्री झोपेत झालं असतं तर आम्ही काय सांगितलं असतं, कोण जाणे.

तिथल्या स्वाराती या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातही पहिला प्रश्न वेळेचाच. मी पावतीच पुढं केली. सीटीत रक्तस्राव नव्हता. तोवर आण्णा हात उचलायला लागले होते, जीभही सुटली होती. झटका सौम्य, इंजेक्शनची गरज नाही, असं ठरलं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दोन गोळ्या २१ दिवस, पुढं एकच. बीपीची गोळी आता आईच्या ताब्यात.

चौथ्या दिवशी घरी आलो. ओट्यावर टेकतात न टेकतात तोच आण्णा म्हणाले, "पावती दे. दुधाचा पगार व्हायचाय."

ती केसपेपरला टाचून राहिली होती.