डागडुजीचा खर्च कोण लिहिणार?

"अन् दरसाली माकडं कवेलू फोडतेत, त्याचा खर्च कुठी लिवता रे बाबू?"

घरकुलाच्या सर्वेक्षणाला आलेल्या पोराचं बोट मोबाइलवर थांबलं. भिंत मातीची, छत कवेलूचं, सगळं भरून झालं होतं. शेजारच्या काकूंच्या प्रश्नाला मात्र जागाच नव्हती.

२०११ च्या जनगणनेतही भिंत-छत कशाचं, घर चांगलं, राहण्याजोगं की मोडकळीस आलेलं, हे विचारलं होतं. डागडुजीला काय लागतं, ते नाही.

मृगाआधी कवेलू फेरायची मजुरी, वाळवीनं खाल्लेली बल्ली, वरून ताडपत्री. हे बियाण्याच्या पैशातूनच जातं ना! घरकुलाचे १ लाख २० हजार मिळतील तेव्हा मिळतील, पण तोवरच्या पावसाळ्यांचं काय?

तुमच्या गावात कोणी विचारलं का हे?