घेतलं आणि बरं वाटलं

गणपती जवळ आले की आमच्या बोळातल्या पपईच्या झाडांची दैना होते. फळांना कोणी हात लावत नाही, पानं मात्र ओरबाडून नेलेली असतात. मग समजायचं, गावात डेंग्यू आला.

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. हे गाव दवाखान्यांचं, पार कर्नाटकातून पेशंट येतात. डॉक्टरांसमोर गप्प बसलेला माणूस माझ्या काउंटरला टेकला की मोकळा बोलतो. त्यामुळे लोक औषधाबद्दल कसा विचार करतात ते मला आयतंच ऐकायला मिळतं. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “घेतलं आणि बरं वाटलं बघा.”

मध्यंतरी एक गृहस्थ पोराचा रिपोर्ट नाचवतच आले. “सोमवारी चाळीस हजार होत्या प्लेटलेट. सासूबाईंनी पपईचा पाला वाटून रस पाजला. बुधवारी एक लाख दहा! आता बोला ताई.”

पुरावा कागदावर होता, लॅबचा शिक्काही होता. पोरगा बरा झाला याचा मलाही आनंदच. पण रस न देता त्या पोराच्या प्लेटलेट बुधवारी किती असत्या, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

डेंग्यूची चाल साधारण ठरलेली असते. दोन ते सात दिवस ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. याच काळात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, उतरत जातात आणि ताप ओसरायच्या सुमाराला तळ गाठतात. नीट असलेल्या माणसाला दीड ते साडेचार लाख असतात, त्या पार पन्नास हजारांखालीही जातात. त्यानंतर बहुतेकांच्या आपोआप चढतात, आणि एकदा चढायला लागल्या की भराभर चढतात.

आता पाला कधी दिला जातो ते बघा. ताप आल्या दिवशी कोणी देत नाही. त्या दिवशी ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉल नेतात. पाल्याची आठवण होते रिपोर्टमधला आकडा बघून पोटात गोळा आल्यावर, म्हणजे आकडा तळाला असताना किंवा तळाच्या जवळ असताना. तळाला गेल्यावर दुसरी वाट असते कुठे? त्या दिवशी पपई द्या, किवी द्या, शेळीचं दूध द्या, नाहीतर मारुतीला तेल घाला; दोन दिवसांनी श्रेय त्याचंच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. इथे तर फांदी मोडायच्या बेताला आली की आपण मुद्दाम कावळा आणून बसवतो.

सर्दीचंही तेच. नाक पार चोंदून झोप उडाली की माणूस दुकानात येतो आणि चिठ्ठी नसताना अँटिबायोटिक मागतो. नाही म्हटलं की, “गेल्या वेळी एका दिवसात उतार पडला होता!” पडणारच होता. सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

हे नुसतं बुद्धीने समजावून पटत नाही, कारण डोळ्यांनी बघितलेलं असतं. तोड एकच, न घेणारेही शेजारी बसवून बघायचे. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने ‘सॉल्सबरी’ जहाजावर हेच केलं. स्कर्व्ही, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा आजार, झालेले बारा खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला व्हिनेगर, एकीला चक्क समुद्राचं पाणी, असं करत एका जोडीला संत्री आणि लिंबं. लिंबंवाले उठून कामाला लागले. या गोष्टीत लोकांना लिंबू लक्षात राहतं. मला बाकीचे दहा जण मोलाचे वाटतात. ते पडून राहिले नसते तर लिंबाचं काही कळलंच नसतं. एवढं होऊनही आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना लागू करायला 1795 उजाडलं, तेव्हा माझं म्हणणं काउंटरवर पाच मिनिटांत कोणाला पटलं नाही तर मी मनाला लावून घेत नाही.

“आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खायचे, काय झालं त्यांना?” हेही नेहमीचं. पन्नाशीत गेलेले आजोबा नातवंडांच्या बोलण्यात येत नाहीत, एवढंच म्हणते आणि बिल करते.

पण दुसऱ्या बाजूचीही गंमत आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला हल्ली कोणाच्याही बोलण्यात ‘फॅलसी’, म्हणजे तर्कातली चूक, दिसते. पाल्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, “मावशी, मागून झालं म्हणून त्यामुळे झालं, ही फॅलसी. म्हणजे पपईचा पाला झूठ.” अरे बाबा, तसंही नाही. त्या गृहस्थांचं कारण कच्चं निघालं, म्हणून पाला निकामी ठरत नाही. तो प्रश्न फक्त सुटायचा राहतो. पाल्यावर काही अभ्यास झालेत आणि त्यांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलंही आहे. पण आकडा लवकर वाढला म्हणजे जीव वाचला, असं त्यावरून म्हणता येत नाही. आता तर पाल्याच्या अर्काच्या गोळ्याही मिळतात. मीही त्या विकते. तरी एक काका म्हणालेच, “तुमचं दुकान आहे, तुम्ही पाल्याला नावं ठेवणारच.” पाल्याची गोळी काय नि दुसरं औषध काय, त्या दिवशी माझा गल्ला दोन्हीकडून भरला असता, पण सांगणाऱ्याचा हेतू काढला की मुद्दा तपासायची गरजच उरत नाही.

प्लेटलेटच्या आकड्याने तर लोकांना झपाटलंच आहे. रिपोर्ट येतो तोच त्या ओळीला लाल पेनने गोल करून. त्याच कागदावर पीसीव्हीची ओळ असते, म्हणजे रक्त किती दाट झालंय त्याचा अंदाज. तिच्याकडे घरचं कोणी बघत नाही. डेंग्यू अवघड होतो तेव्हा रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरतो, रक्त दाट होतं, रक्तदाब पडतो. प्लेटलेट बऱ्या असतानाही हे होऊ शकतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पीसीव्हीचा मेसेज फिरत नाही.

आणि सगळ्यात महागात पडणारा तर्क वेगळाच आहे: “ताप उतरला, म्हणजे सुटलो.” इतर तापांनी आपल्याला हे शिकवलंय आणि तिथे ते खरंही असतं. डेंग्यूत धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ताप उतरतानाच सुरू होतात. नेमकं तेव्हाच घरचे निर्धास्त होतात, पुन्हा रक्त तपासायला सांगितलेलं असतं ते टाळतात, पोरगं मलूल पडलं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणतात.

म्हणून आता पाल्यावर मी वाद घालत नाही. डेंग्यूची चिठ्ठी दिसली की विचारते, ताप कधी उतरला? लघवी नीट होतेय का? पोटात दुखतंय, सारख्या उलट्या होताहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, यातलं काही? असेल तर घरी न जाता तसंच दवाखान्यात न्या. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मागितलं तर देत नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

परवा एका आजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सुनेला दोनदा म्हणून दाखवायला लावलं, ओआरएसची पाकिटं पिशवीत टाकली आणि विचारलं, “पाला कोवळा घ्यायचा का जून?”