जंजिऱ्याच्या सिद्दींची वंशावळ, भाग ७ : १७३३पर्यंतचं झाड मागे घेतोय

मंडळी, जंजिरा किल्ल्यावर राज्य करणाऱ्या सिद्दींच्या, म्हणजे हबशी सरदारांच्या, वंशावळीचा भाग ६मध्ये टाकलेला तक्ता कुणी उतरवून घेतला असेल तर कृपया तो वापरू नका. गेल्या रविवारी मी तो भिंतीवरून काढला. चार महिन्यांचं काम होतं, जीव तुटला. पण त्याच रात्री याकूतखानाचा गुंता सुटला.

तुम्हाला आठवत असेल, माझ्या तक्त्यात याकूतखान नावाचे दोन सिद्दी सरदार होते. एक १७०६मध्ये वारलेला, दुसरा १७१७मध्ये. मी त्यांना बाप-लेक करून टाकलं होतं. दुसऱ्याचं टिपण मला एका जुन्या वहीत मिळालं होतं, माझ्याच हस्ताक्षरातलं, साल १११८. ते मी सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली सालगणना) समजून सवयीने ५९९ मिळवले आणि १७१७ काढलं. मोडी कागद वाचता वाचता हात तसा वळतोच. पण ते टिपण मराठी कागदावरचं नव्हतंच, ते हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र साल होतं. हिजरी १११८ म्हणजे एप्रिल १७०६ ते एप्रिल १७०७. दोन मृत्यू नाहीत, एकच आहे, सिद्दी कासमचा. काही ठिकाणी १७०६ आणि काही ठिकाणी १७०७ का दिसतं, तेही त्यातच उलगडलं. आता वहीत प्रत्येक सालापुढे ‘हि’ (हिजरी), ‘सु’ (सुहूर) किंवा ‘श’ (शक) लिहायला लागलोय. तुम्हीही लिहा, कळकळीने सांगतो.

मग हा नसलेला दुसरा याकूतखान इतके दिवस खरा का वाटला? कारण कासमनंतर आलेल्यालाही मराठी साधनं सिद्दी रसूल याकूतखानच म्हणतात. जंजिऱ्याजवळ खोकरीला सिद्दींच्या कबरींचे घुमट आहेत, त्यातल्या सर्वांत मोठ्या घुमटातला सुरूलखान तो हाच, असं मी धरून चाललोय. ‘याकूतखान’ हे नावच नाही, किताब म्हणजे पदवी आहे. जंजिऱ्याचा तेव्हाचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करायला निघाला तेव्हा संबळ, कासम आणि खैरियत या तिघा सिद्दी सरदारांनी त्याला कैद केलं, औरंगजेबाची चाकरी पत्करली आणि बादशाहीतून हा किताब आला. पुढे सुरतेजवळच्या सचिन संस्थानाच्या सिद्दी नवाबांनीही तो नावापुढे लावला. किताब बघून रक्ताचं नातं जोडलं की झाड वाकडं वाढणारच.

आता खरी गोष्ट. १६७१च्या सुमाराची वाटणी बघा : आरमार संबळकडे, जंजिरा कासमकडे, जंजिऱ्यासमोरच्या किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी खैरियतकडे. १६७७मध्ये मोगलांनी आरमार कासमला दिलं आणि जंजिरा खैरियतकडे आला. यात बापाकडून मुलाकडे काहीच गेलेलं नाही. सिद्दी सरदारांत जो जबर, ज्याला बाकीचे मानतील, तो वर चढला. मी मात्र ‘वडील’ हा रकाना भरण्यासाठी झगडत बसलो होतो.

म्हणून वंशावळीचं सॉफ्टवेअर मी बंद केलंय. फुकट मिळतं, दिसतं छान, पण प्रत्येक माणसाला आईबाप मागतं. हबशी सरदारांच्या पिढीसाठी ते कुचकामी आहे. त्यातले कितीतरी जण गुलाम म्हणून समुद्रापार आणलेले, त्यांच्या आईबापांची नावं कुणी लिहून ठेवली? तो रिकामा रकाना हाच इतिहास आहे, तो मी अंदाजाने भरणार नाही.

त्याऐवजी मोठा ग्राफ पेपर आणलाय. आडवी वर्षं, उभे तीन पट्टे : आरमार, जंजिरा, दंडा-राजपुरी. प्रत्येक माणसाची पेन्सिलीने एक रेघ, पट्टा बदलला की रेघ उडी मारते. कासमची रेघ १६७७ला जंजिऱ्यातून आरमारात उडी घेते आणि १६८९मध्ये थेट मुंबईवर जाऊन धडकते. रविवारी रात्री ती उडी कागदावर पहिल्यांदा दिसली तेव्हा मी घरच्यांना उठवून दाखवली.

मोठी छपाई मात्र कुठे करू नये ते कळलं. एका दुकानाने मागचा तक्ता असा छापला की अनुस्वार निम्मे गळाले आणि ‘संबळ’चा ‘सबळ’ झाला. आता मोठा तक्ता हातानेच, काळ्या शाईत.

लिहिता लिहिताच सुचलं, झाड पूर्ण टाकायचं कारण नाही. १७३३च्या वारसाच्या भांडणात सरळसरळ भाऊबंदकी आहे, मराठ्यांनी गादीवर हक्क सांगणाऱ्या अब्दुल रहमानची बाजू धरली ती त्यातच. तिथून पुढे रक्ताचं नातं चालतं. म्हणजे १७३३पर्यंत पट्टे आणि तिथून झाड! मध्ये सिद्दी जौहर (पन्हाळ्याला वेढा घालणारा नव्हे, नंतरचा) येतो तिथे फांदी तोडावी लागेल. १७९१मध्ये जंजिऱ्याच्या गादीचा दावेदार बाळूमिया याने तिथला हक्क पेशव्यांना सोडून सचिन घेतलं, पण किल्ला जौहरच्या हातात होता आणि त्याने तो दिला नाही. पेशव्यांना कागद मिळाला, जंजिरा नाही. सचिनची फांदी वेगळ्या शाईत, हिरव्या.

एक आनंदाची बातमीही आहे. जंजिरा संस्थानचं कोर्ट फी तिकीट लावलेला एक दस्त रद्दीतून मिळाला, नवाब सर अहमदखानांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १८७९ ते १९२२, तेव्हा तो तक्त्याच्या अगदी तळाशी चिकटवायचा बेत होता. आता वाटतं, डिंक लावून खराब कशाला करायचा? शेजारी पारदर्शक पाकिटात ठेवतो.

पुढच्या वेळी सिद्दी अंबरपासूनचा पट्टा टाकतो. हा १६४२पर्यंतचा जंजिऱ्याचा अंबर, १६२६मध्ये वारलेला मलिक अंबर नव्हे, ते भाग ३मध्ये झालंय. कुणाकडे खैरियतखानाच्या घुमटावरच्या लेखाचा स्वच्छ फोटो असेल तर पाठवा. तिरप्या उन्हातला हवा, सकाळी लवकर काढलेला.